घानाचे ब्लॅक स्टार्स आणि १९६६ चा बहिष्कार: एक प्रकरण अभ्यास

२१ नोव्हेंबर १९६५. ट्युनिसमध्ये घानाने यजमान ट्युनिशियाला जादा वेळेत ३-२ असे हरवले आणि आफ्रिकी करंडक सलग दुसऱ्यांदा जिंकला. त्याच दिवशी कंबोडियातल्या नॉम पेन्ह शहरात उत्तर कोरिया आणि ऑस्ट्रेलिया खेळत होते. उत्तर कोरियाने सामना ६-१ असा जिंकला, तीन दिवसांनी दुसरा ३-१ असा जिंकला आणि १९६६ च्या इंग्लंडमधल्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले. आफ्रिका, आशिया आणि ओशनिया या तिन्ही खंडांसाठी मिळून तेवढे एकच तिकीट होते. आफ्रिकेचा विजेता संघ त्या शर्यतीत नव्हता, कारण आफ्रिकेचा एकही संघ नव्हता. नाव नोंदवलेल्या पंधराही देशांनी माघार घेतली होती.

हा निर्णय कसा झाला, त्या वेळी दुसरे काय करता आले असते, कोणाला काय मिळाले आणि किंमत कोणी मोजली, हे या अभ्यासात पाहायचे आहे. मध्यभागी घानाचा संघ ठेवला आहे. बहिष्काराची हाक ज्यांनी दिली त्यांच्यात घाना सर्वांत पुढे होता, आणि विश्वचषकात खेळण्याची सर्वांत मोठी आशा असलेल्या संघांपैकीही तो एक होता. म्हणजे सर्वांत जास्त गमावण्यासारखे ज्यांच्याकडे होते, तेच पुढे झाले. या प्रकरणाचे मोल मला तिथे वाटते.

पार्श्वभूमी

६ मार्च १९५७ रोजी गोल्ड कोस्ट ही ब्रिटिश वसाहत स्वतंत्र झाली आणि तिचे नाव घाना झाले. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ब्रिटिश सत्तेतून बाहेर पडलेली ही पहिली वसाहत. स्वतंत्र घानाचे पहिले नेते क्वामे एन्क्रुमा यांच्या डोळ्यांसमोर एका देशापेक्षा मोठे स्वप्न होते: सगळी आफ्रिका एक व्हावी. फुटबॉल हा त्या स्वप्नाचा भाग होता. राष्ट्रीय संघाचे नाव पडले ब्लॅक स्टार्स, म्हणजे घानाच्या ध्वजावरचा काळा तारा. तो तारा कृष्णवर्णीयांच्या चळवळीचे नेते मार्कस गार्वी यांच्या ब्लॅक स्टार लाइन या जहाज कंपनीची आठवण सांगतो. नावातच खंडभरच्या कृष्णवर्णीयांचा स्वाभिमान होता.

१९६० साली एन्क्रुमांनी ओहेने जान यांच्याकडे देशाच्या क्रीडा कारभाराची सूत्रे दिली. जान झपाटलेला माणूस होता. परदेशी प्रशिक्षक आले, दौरे आखले गेले, पैसा आला. १९६१ मध्ये रिअल रिपब्लिकन्स नावाचा क्लब उभा राहिला. देशातल्या क्लबांमधले उत्तम खेळाडू उचलून त्यात आणले गेले, म्हणजे राष्ट्रीय संघ वर्षभर एकत्र सराव करील. क्लब चिडले, त्यांचे चाहते चिडले, आणि त्यांचा राग रास्त होता. पण मैदानावर फळ दिसले. १९६२ मध्ये आक्रामध्ये घानाने रिअल माद्रिदला ३-३ असे बरोबरीत रोखले. तो रिअल माद्रिद त्याच वर्षी युरोपियन करंडकाचा अंतिम सामना खेळून आलेला होता.

मग प्रशिक्षकपद आले चार्ल्स कुमी ग्याम्फी यांच्याकडे. ते स्वतः जर्मनीत फोर्टुना ड्युसेलडॉर्फकडून खेळलेले. १९६३ मध्ये आफ्रिकी करंडकाचे यजमानपद घानाकडे होते. अंतिम सामन्यात सुदानला ३-० हरवून ब्लॅक स्टार्सनी तो पहिल्यांदा जिंकला. विल्बरफोर्स एम्फुमचे दोन गोल, कर्णधार ॲग्रे-फिनचा एक. दोन वर्षांनी ट्युनिसमध्ये संघातले बरेच चेहरे नवे होते, तरी करंडक घरी आलाच. डाव्या बाजूने चेंडू पायाला चिकटवून धावणारा ओसेई कोफी हा त्या नव्या पिढीचा लाडका खेळाडू.

म्हणजे १९६३ ते १९६५ या काळात हा संघ ऐन भरात होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये घानाने अर्जेंटिनाशी १-१ अशी बरोबरी केली, यजमान जपानला ३-२ असे हरवले आणि गटात पहिला क्रमांक मिळवला. उपांत्यपूर्व फेरीत त्यांना १-५ असे हरवले ते संयुक्त अरब प्रजासत्ताकाने, म्हणजे इजिप्तने. इजिप्त पुढे चौथा आला. ऑलिंपिक हौशी खेळाडूंचे होते हे खरे. तरी आफ्रिकी फुटबॉल अजून बाल्यावस्थेत आहे, असे म्हणणाऱ्यांनी हे निकाल पाहायला हवे होते.

पेच

जानेवारी १९६४ मध्ये फिफाने १९६६ च्या विश्वचषकातल्या सोळा जागांची वाटणी जाहीर केली. यजमान इंग्लंड धरून युरोपला दहा. गतविजेता ब्राझील धरून दक्षिण अमेरिकेला चार. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांना एक. उरलेली एक आफ्रिका, आशिया आणि ओशनियाला मिळून. आफ्रिकेत आधी गटवार फेऱ्या, मग गटविजेत्यांच्या लढती, आणि एवढे करून जो उरेल त्याने आशियाच्या विजेत्याशी झुंजायचे.

ही वागणूक नवी नव्हती. विश्वचषकात तोवर आफ्रिकेचा एकच संघ खेळला होता: १९३४ मध्ये इजिप्त, तोही नेपल्समध्ये हंगेरीकडून एक सामना हरून परतला. १९६२ च्या पात्रता फेरीत घाना मोरोक्कोकडून दोन सामन्यांत मिळून अवघ्या एका गोलने बाहेर पडला. आफ्रिकेत पहिला आलेल्या त्या मोरोक्कोला काय मिळाले? स्पेनशी गाठ. कासाब्लांकात ०-१, माद्रिदमध्ये २-३. खंड जिंकूनही दाराबाहेरच. घानाच्या कारभाऱ्यांनी हे जवळून पाहिले होते.

पेचाला तीन पदर होते. पहिला प्रतिनिधित्वाचा. एकट्या १९६० या वर्षात आफ्रिकेतले सतरा देश स्वतंत्र झाले होते, फिफाचे सदस्य भराभर वाढत होते, पण जागा वाढली नव्हती. दुसरा पैशाचा. नव्याने उभ्या राहिलेल्या देशांनी विमानप्रवासाचा खर्च करून एकामागून एक फेऱ्या खेळायच्या, आणि शेवटी बहुतेकांच्या हाती शून्य. तिसरा पदर दक्षिण आफ्रिकेचा, आणि तो सर्वांत जिव्हारी लागणारा होता.

१९५७ मध्ये खार्टुम येथे आफ्रिकी फुटबॉल महासंघ स्थापन झाला, तेव्हा इजिप्त, सुदान आणि इथिओपियाबरोबर दक्षिण आफ्रिकाही संस्थापकांत होती. पहिल्याच करंडकासाठी तिने मिश्र संघ पाठवायला नकार दिला. एकतर सगळे गोरे, नाहीतर सगळे काळे, अशी भूमिका घेतली. महासंघाने तिला बाहेर काढले. फिफाने १९६१ मध्ये तिच्यावर निलंबन घातले खरे, पण १९६३ च्या जानेवारीत अध्यक्ष सर स्टॅनली राउस स्वतः दक्षिण आफ्रिकेला जाऊन आले आणि त्यानंतर निलंबन उठवले गेले. दक्षिण आफ्रिकेच्या संघटनेने तोडगा सुचवला: १९६६ साठी गोऱ्यांचा संघ पाठवू, १९७० साठी काळ्यांचा. अशा तोडग्यावर चर्चा होऊ शकते, हेच आफ्रिकेतल्या लोकांना अपमानास्पद वाटले. शिवाय आफ्रिकेत तिच्याशी कोणी खेळणार नाही म्हणून १९६६ च्या पात्रता फेरीत तिची सोय आशिया-ओशनिया गटात लावली गेली.

फिफाची बाजू अशी होती की जागा सोळाच आहेत आणि त्या खेळाच्या दर्जावर वाटायच्या. दर्जाचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. युरोपात दमदार संघ खूप होते. पण ज्याला मोठ्या स्पर्धेत खेळूच दिले नाही, त्याचा दर्जा मोजायचा कशावर? त्या युक्तिवादाला स्वतःभोवती फिरण्याची सवय होती, आणि तो मोडायला कोणीतरी बाहेरून धक्का देणे भाग होते.

समोरच्या वाटा

मागे वळून पाहिले तर घानासमोर आणि महासंघासमोर चार वाटा दिसतात.

पहिली, खेळायचे आणि मैदानावर उत्तर द्यायचे. घानाच्या दृष्टीने ही सर्वांत मोहाची वाट. संघ तयार होता. आफ्रिकेतून वर येण्याची शक्यता चांगली होती, आणि शेवटी समोर येणार होता तो आशियाचा विजेता, स्पेन नव्हे. १९६२ च्या मानाने ही लढत सोपी वाटू शकली असती. पण एक आफ्रिकी संघ इंग्लंडला पोहोचला असता तर वाटणीची पद्धत बदलण्याचे कारणच उरले नसते. बघा, पात्र होता येते की, असे म्हणायला फिफा मोकळी झाली असती.

दुसरी वाट, खेळत राहून फिफाच्या परिषदेत लढायचे. फिफात प्रत्येक सदस्य देशाला एक मत. नव्या देशांमुळे आफ्रिकेची मते वाढत होती आणि आशियाई मते सोबत आणता येणार होती. ही सावकाश चालणारी पण पक्की वाट होती. तिची अडचण वेळेची. १९६६ ची वाटणी तिने बदलली नसती, आणि कार्यकारिणीत युरोपचे वजन मोठे होते.

तिसरी, घानाने एकट्याने माघार घ्यायची. तिचा उपयोग काहीच नव्हता. घानाची जागा दुसऱ्या कोणी घेतली असती. आपल्याकडच्या वाचकाला इथे १९५० आठवेल. ब्रह्मदेश, इंडोनेशिया, फिलिपाइन्स यांनी माघार घेतल्यामुळे भारताला ब्राझीलच्या विश्वचषकात जागा मिळाली होती आणि भारत गेला नाही. त्या न जाण्यामागे कोणती मागणी नव्हती, कोणी सोबत नव्हते, आणि फिफाच्या कारभारात त्याने तसूभरही फरक पडला नाही. गैरहजेरी एवढ्याने दबाव तयार होत नाही.

चौथी वाट, सगळ्यांनी मिळून, जाहीर मागणी ठेवून बाहेर पडायचे. धोका उघड होता. पंधरापैकी दोन देश जरी फुटले असते तरी त्यांच्यातला एक आरामात पुढे गेला असता आणि बहिष्काराची हवा निघून गेली असती. दंड होणार हे नक्की होते. आणि एक विश्वचषक हातचा जाणार होता.

काय केले

पहिली हालचाल जान यांनी केली. ते स्वतः फिफाच्या कार्यकारिणीचे सदस्य होते. वाटणी जाहीर झाल्यावर त्यांनी फिफाला तार पाठवली. आफ्रो-आशियाई देशांनी वेदनादायक आणि खर्चिक पात्रता फेऱ्यांतून जाऊन शेवटी एकच प्रतिनिधी पाठवायचा ही व्यवस्था दयनीय आणि अयोग्य आहे, आफ्रिकेला निदान एक जागा हवी, तातडीने फेरविचार करावा, असा तिचा मजकूर.

या तारेत मागणी किती नेमकी होती ते पाहावे. निदान एक जागा. दोन नाहीत, तीन नाहीत. फिफाला मान्य करणे अवघड जाऊ नये आणि नाकारली तर जगाला अन्याय दिसावा, अशी ती मागणी होती. मला हा सबंध प्रकरणातला सर्वांत हुशारीचा भाग वाटतो. रागाच्या भरात माणूस दहा गोष्टी मागतो. इथे राग होता आणि मागणी एकच होती.

जान यांच्या जोडीला होते इथिओपियाचे यिदनेकाचू टेसेमा. जुने खेळाडू, प्रशिक्षक, मग प्रशासक, पुढे आफ्रिकी महासंघाचे अध्यक्ष. जान आक्रमक, टेसेमा नियमांवर बोट ठेवून बोलणारे. एन्क्रुमांचा पाठिंबा होताच. १९६३ च्या मे महिन्यात आदिस अबाबामध्ये आफ्रिकी एकता संघटना स्थापन झाली होती, त्यामुळे देशादेशांत बोलणी करायला राजकीय चौकट तयार होती. इंग्रजी बोलणारे, फ्रेंच बोलणारे, अरबी बोलणारे असे हे देश. फुटबॉलमध्ये एकमेकांचे कट्टर प्रतिस्पर्धी. तरीही पंधराही देश बाहेर पडले. अल्जीरिया, कॅमेरून, इथिओपिया, गॅबन, घाना, गिनी, लायबेरिया, लिबिया, माली, मोरोक्को, नायजेरिया, सेनेगल, सुदान, ट्युनिशिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. ही नावे मुद्दाम सगळी लिहिली, कारण या यादीतला प्रत्येक देश एकेक सुटलेली संधी होता. मोरोक्कोने तर मागच्याच पात्रता फेरीत स्पेनला घाम फोडला होता.

दुसरी आघाडी टोकियोत उघडली. ऑक्टोबर १९६४ मध्ये तिथे फिफाची परिषद भरली. आफ्रिकी प्रतिनिधी मोठ्या संख्येने हजर होते. दक्षिण आफ्रिकेचे निलंबन पुन्हा लागू करण्याचा ठराव मोठ्या बहुमताने मंजूर झाला आणि दक्षिण आफ्रिका १९६६ च्या पात्रता फेरीतून बाहेर गेली. त्याच महिन्यात टोकियो ऑलिंपिकमध्ये घानाचा संघ अर्जेंटिनाला रोखत होता.

जागांच्या प्रश्नावर फिफा हटली नाही. बहिष्कार घालणाऱ्यांना दंड झाला. आकडा ५,००० स्विस फ्रँक. आशिया-ओशनिया गटातूनही सामन्यांची जागा बदलल्यावर दक्षिण कोरियाने माघार घेतली. एका जागेसाठी शेवटी दोनच संघ उरले आणि नॉम पेन्हमध्ये दोन सामन्यांत प्रश्न सुटला.

परिणाम

११ जुलै १९६६ रोजी विश्वचषक सुरू झाला तेव्हा आफ्रिकेचा एकही संघ तिथे नव्हता, पण आफ्रिकेत जन्मलेले खेळाडू होते. पोर्तुगालचा कर्णधार मारिओ कोलुना मोझांबिकचा, बचावातले इलारिओ आणि विसेंते मोझांबिकचे, आणि नऊ गोल करून स्पर्धेतला सर्वोत्तम गोलवीर ठरलेला युसेबिओही मोझांबिकचा. गोवा १९६१ च्या डिसेंबरात ज्या राजवटीतून सुटला, त्याच राजवटीखाली मोझांबिक १९७५ पर्यंत राहिला. तिथल्या खेळाडूला विश्वचषक खेळायचा तर पोर्तुगालचीच जर्सी घालावी लागे. जागा आफ्रिकेला नव्हती. गुणवत्ता मात्र चालत होती. उत्तर कोरियाने इटलीला १-० असे घरी पाठवले आणि उपांत्यपूर्व फेरीत त्याच पोर्तुगालविरुद्ध तीन गोलची आघाडी घेतली. मग युसेबिओने एकट्याने चार गोल केले आणि सामना ५-३ असा फिरवला. लहान समजल्या जाणाऱ्या संघांना दर्जा नसतो, हा समज त्या एका संघाने किती खिळखिळा केला हे सांगायला नको. घाना तिथे असता तर काय झाले असते, हा प्रश्न घानात तेव्हापासून विचारला जातो.

बहिष्काराचे फळ १९७० मध्ये दिसले. मेक्सिकोतल्या विश्वचषकासाठी फिफाने आफ्रिकेला स्वतंत्र जागा दिली; आशिया आणि ओशनियालाही मिळून एक हक्काची जागा मिळाली. जान यांच्या तारेत मागितले होते तेवढेच मिळाले, आणि ते कायमचे मिळाले. मोरोक्को गेला, पश्चिम जर्मनीविरुद्ध पहिला गोल त्यांनीच केला, सामना १-२ असा हरले, बल्गेरियाशी १-१ अशी बरोबरी केली. १९७८ मध्ये ट्युनिशियाने मेक्सिकोला ३-१ हरवून आफ्रिकेचा विश्वचषकातला पहिला विजय मिळवला. १९८२ मध्ये दोन जागा झाल्या आणि अल्जीरियाने पश्चिम जर्मनीला हरवले. १९९८ पर्यंत जागा पाच झाल्या.

फिफाच्या आतही हिशेब झाला. १९७४ मध्ये फ्रँकफर्टच्या परिषदेत राउस यांचा ब्राझीलच्या जोआओ आवेलांज यांनी ६८ विरुद्ध ५२ मतांनी पराभव केला. आफ्रिकी मते आवेलांज यांच्या मागे उभी राहिली. विस्तारलेला विश्वचषक आणि दक्षिण आफ्रिकेला बाहेर ठेवणे, या दोन आश्वासनांचे त्यात मोठे वजन होते. १९७६ मध्ये दक्षिण आफ्रिकेची फिफातून हकालपट्टी झाली.

घानाच्या वाट्याला मात्र हे फळ आले नाही. २४ फेब्रुवारी १९६६ रोजी, विश्वचषकाला साडेचार महिने असताना, लष्कराने एन्क्रुमांची सत्ता उलथवली. त्यांच्या राजवटीशी बांधलेला रिअल रिपब्लिकन्स क्लब मोडला गेला आणि जान यांचा काळही संपला. संघात दम होता, म्हणून १९६८ आणि १९७० मध्येही घाना आफ्रिकी करंडकाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, दोन्ही वेळा ०-१ असा हरला. १९७० च्या विश्वचषकाची जी जागा घानाने लढून मिळवली, तिच्या पात्रता फेरीत त्याला नायजेरियाने रोखले. ब्लॅक स्टार्स विश्वचषकात पहिल्यांदा उतरले ते २००६ मध्ये, जर्मनीत. बहिष्काराच्या पिढीतला ओसेई कोफी तोवर म्हातारा झाला होता. विश्वचषक खेळता आला नाही याची खंत त्याने उतारवयातही बोलून दाखवली आहे.

निर्णयाचे टप्पे आणि वेगळे काय करता आले असते

जान यांनी तार केली त्या टप्प्यावर ते कार्यकारिणीत राहिले, राजीनामा दिला नाही. मला हे योग्य वाटते. बाहेर पडून ओरडणाऱ्यापेक्षा आत बसून नाही म्हणणाऱ्याकडे दुर्लक्ष करणे कठीण असते, आणि टोकियोच्या ठरावासाठी आतली माणसे लागणारच होती.

दोन प्रश्न एकत्र बांधण्याचा निर्णय अधिक अवघड होता. जागेची मागणी आणि दक्षिण आफ्रिकेचा प्रश्न वेगळे ठेवले असते तर जागा कदाचित लवकर मिळाली असती, असे कोणी म्हणू शकेल. मला ते पटत नाही. पंधरा देशांना एकत्र बांधणारा धागा वर्णद्वेषाच्या विरोधाचाच होता. नुसत्या जागेच्या गणितावर मोरोक्को किंवा इजिप्त यांनी आपली संधी सोडली असती का, याची शंका आहे. दक्षिण आफ्रिका टोकियोत बाहेर गेल्यावरही बहिष्कार मागे घेतला गेला नाही, हेही लक्षात घ्यावे. अर्धी मागणी मान्य झाली की अर्धे लोक घरी जातात. इथे तसे झाले नाही.

आफ्रिकी करंडक चालू ठेवणे हा तिसरा टप्पा. बहिष्काराच्या ऐन काळात ट्युनिसची स्पर्धा झाली, खेळाडूंना मैदान मिळाले, खंडाची स्वतःची स्पर्धा बळकट झाली. विश्वचषक नाही म्हणून फुटबॉल थांबले नाही. बहिष्कार पुकारताना आपल्या माणसांसाठी दुसरे काहीतरी उभे असणे किती महत्त्वाचे, याचे हे उदाहरण आहे.

पण एक गोष्ट या निर्णयप्रक्रियेत कुठेच दिसत नाही: खेळाडू. ज्यांच्या पायांच्या जोरावर ही सौदेबाजी चालली होती, त्यांचे मत या निर्णयात मोजले गेल्याचे दिसत नाही. त्या काळात खेळाडूंची संघटना नव्हती, संघ सरकारच्या हातात होता, आणि तेव्हाच्या घानात एन्क्रुमांच्या मर्जीविरुद्ध बोलणे सोपेही नव्हते. हे सगळे मान्य. तरी फुटबॉलपटूची भरातली वर्षे पाच-सहाच असतात. १९६६ मध्ये पंचविशीत असलेल्यासाठी १९७० म्हणजे उतरंड. त्यातले बरेच जण, विचारले असते तर, हो म्हणाले असते असे मला मनापासून वाटते. स्वातंत्र्य मिळून दहा वर्षेही झाली नव्हती आणि काळ्या ताऱ्याचा अर्थ त्यांना कोणी शिकवायची गरज नव्हती. पण स्वतःहून केलेला त्याग आणि आपल्या नावावर परस्पर लिहिला गेलेला त्याग, या दोहोंत माणसाच्या मनाला फार अंतर असते.

करता येण्यासारख्या गोष्टी होत्या. १९६६ च्या उन्हाळ्यात युरोपात सामने ठरवून हा संघ जगाला दाखवता आला असता. रिअल माद्रिदबरोबरच्या बरोबरीनंतर बोलावणी मिळणे कठीण नव्हते. लष्करी उठावानंतर तेही कोणाला सुचण्यासारखे राहिले नाही. दुसरे म्हणजे नोंद. बहिष्काराचे श्रेय एन्क्रुमा, जान, टेसेमा यांना मिळाले आणि ते त्यांचे आहेच. आक्राच्या स्टेडियमला २००४ मध्ये काही वर्षांसाठी जान यांचे नावही दिले गेले. त्या पंधरा देशांच्या संघांत कोण कोण होते आणि त्यांचे काय झाले, हे मात्र फार थोड्यांनी लिहून ठेवले. महासंघाने ते तेव्हाच करायला हवे होते.

आणि रिअल रिपब्लिकन्सची पद्धत. एका नेत्याच्या मर्जीवर उभा केलेला क्लब त्या नेत्याबरोबर कोसळला. क्लबांना विश्वासात घेऊन, त्यांच्याकडेच खेळाडू ठेवून राष्ट्रीय सराव शिबिरांची घडी बसवली असती, तर फेब्रुवारी १९६६ नंतर घानाच्या हाती काहीतरी टिकले असते, आणि १९६९ मध्ये नायजेरियासमोर उतरलेला संघ वेगळा असता. बहिष्कारातून मिळालेली जागा घेण्याची तयारी घरात राहिली नव्हती, आणि ती मोरोक्कोकडे होती. टेसेमा १९७२ मध्ये आफ्रिकी महासंघाचे अध्यक्ष झाले आणि १९८७ मध्ये निधन होईपर्यंत त्या पदावर राहिले. त्या पंधरा वर्षांत आफ्रिकेच्या जागा एकावरून दोन झाल्या आणि पुढच्या वाढीची मागणी कागदावर आली.